फोटोशेजारी पाइप ठेवला नाही

अहो,

काल तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. साखर कारखान्यातले जुने लोक आले, वडगाव निंबाळकरहून माझे दोघे भाऊ आले, शेळगावचे तात्या आले. मिलिंदनं सकाळीच तुमचा निळ्या शर्टातला फोटो मांडला आणि त्याच्या शेजारी तुमचा काळा पाइप ठेवला. मी तो उचलून आत नेला. पोरगा मागोमाग आला.

"आई, पप्पांची वळख हाय ती. ठिवू दे की."

"न्हाय. समोर गावातली पोरं बसणार हायत. फोटुत माणूस हाय, तेवढा पुरं."

त्याला राग आला. तुम्हालाही आला असता. पण तुमच्यासमोरसुद्धा मी हेच केलं असतं, आणि मग आपलं ते नेहमीचं भांडण झालं असतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते सुरू झालं आणि तुम्ही ते तसंच अर्धं टाकून गेलात. आता ते मला एकटीला भांडावं लागतंय. म्हणून आज शाळेतल्यासारखी टेबलाशी बसलेय. मुलं नाहीत, फळा नाही, फक्त तुम्हाला सांगायचंय.

पहिला पाइप तुम्हाला कुणी दिलाच नव्हता. हंगामाच्या आधी टर्बाइन बसवून द्यायला बाहेरच्या राज्यातले एक म्हातारे इंजिनिअर यायचे आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली असायचात. त्यांनी आपला जुना पाइप वर्कशॉपच्या भंगारात टाकला. तुम्ही विचारलंत, घेऊ का? ते म्हणाले, घे, पण तो मेलाय. तुम्ही तो रुमालात बांधून घरी आणलात. मी नवी नवरी. मला वाटलं रुमालात काहीतरी खायला आणलंय. उघडून बघितलं तर तो काळा, चिकट, घाण वासाचा तुकडा. वाटीत काजळीची पुटं, दांडी तुंबलेली, तोंडात धरायची नळी पिवळीहिरवी पडलेली.

नंतरचे काही दिवस तुम्ही ड्युटीवरून आलात की ओट्यावर पाट मांडून बसायचात. बोथट चाकूनं वाटी खरवडायचात, पण सगळी नाही. "पातळ थर राहू द्यायचा असतुया. समदं काढलं तर लाकूड जळतं." तारेला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून दांडीतनं काढायचात. कापूस पांढरा येईपर्यंत तुम्ही उठायचा नाहीत, भाकरी थापून गार झाली तरी. एक दिवस माझ्या बरणीतलं मीठ घेतलंत, वाटीत भरलंत आणि वरून स्पिरिटचे थेंब सोडलेत. सकाळी ते मीठ चहाच्या चोथ्यासारखं झालेलं. मी बरणीच उचलून माळ्यावर ठेवली. तुम्ही हसत म्हणालात, "अगं, मिठानं सगळा कडूपणा वढून घेतला बघ." तोंडाची नळी माझ्याच टूथपेस्टनं घासलीत आणि शेवटी बांधावरच्या बाभळीला लागलेल्या मधाच्या पोळ्याचं मेण लाकडाला चोळलंत.

लाकडावरच्या रेषा तेव्हा मी पहिल्यांदा बघितल्या. सुंदर दिसत होता तो. तसं मी तुम्हाला कधी म्हटलं नाही.

पुढच्या हंगामाला त्या इंजिनिअरांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला, त्यांना स्वतःचाच पाइप ओळखू येईना. जाताना त्यांनी बॅगेतले आणखी दोन तुम्हाला दिले. असे तुमचे तीन झाले. दिवसातनं एकदाच ओढायचात, ड्युटीनंतर. पाइप गार झाल्याशिवाय उघडायचा नाही, गरम उघडला तर दांडी तडकते, हे मिलिंदलासुद्धा पाठ झालं होतं. मी म्हणायची, "इतकं तुम्ही देहाला जपलं असतं तर." त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "आणि तू सकाळी दात घासतीस ती काय राख हाय व्हय? तंबाखूच भाजतीस न्हवं?" मिश्रीला धूर नाही, असं मी म्हणायची. पाइपाचा धूर मी पोटात घेत नाही, असं तुम्ही म्हणायचात. दोघंही एकमेकाला शहाणपण शिकवायचो आणि आपापलं चालू ठेवायचो.

हे सगळं हौस म्हणून चाललंय असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. मग एका रविवारी पाइप पुसता पुसता तुम्ही आबांची गोष्ट सांगितलीत. आबा, म्हणजे तुमचे वडील, दुसऱ्याच्या उसात पाणी धरायला जायचे. दुपारी बांधावर माणसं बसली की चिलीम फिरायची. आबा जरा लांब बसायचे. त्यांच्या हातावर वरून तंबाखू पडायची आणि त्यांची स्वतःची चिलीम बोरीच्या फांदीत खोवलेली असायची, कारण ती त्या माणसांच्या वस्तूंत ठेवायची नाही. तुम्ही तेव्हा लहान होता, भाकरी घेऊन गेला होता. आपण बुद्ध स्वीकारून वर्षं लोटली होती, पण बांधावर ते पोचायचं होतं.

"आबा रोज सांजला ती चिलीम धुवायचा," तुम्ही म्हणालात. "काडीला चिंधी गुंडाळून आतनं पुसायचा. म्हनायचा, त्यांची चिलीम बघ किती घाण हाय, आणि आपली बघ."

एवढं बोलून तुम्ही पुन्हा दांडीत तार घातलीत.  त्या दिवसानंतर पाइप साफ करताना मी तुम्हाला हटकलं नाही, ओढताना मात्र हटकत राहिले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तुम्हाला कळत होतं का? मला तुम्हाला विचारायचं होतं.

तुमचा आवाज बसला तेव्हा हंगाम चालू होता. उसाच्या भुशाची धूळ घशात जाते, तुम्ही म्हणालात. हंगाम संपला तरी आवाज उठेना. मी तुम्हाला बारामतीला ओढत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घातला आणि पुण्याला जायला सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांनी समोर बसवून नीट समजावलं. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल, गळ्याला खाली एक भोक राहील आणि श्वास तिथूनच घ्यायचा. मी खुर्चीची कड धरून बसले होते. तुम्ही विचारलंत,

"त्या भोकात नळी असंल का?"

"सुरुवातीला असेल. बऱ्याच जणांना पुढेही ठेवावी लागते."

"मग ती साफ कशी करायची त्ये आधी दाखवा."

डॉक्टरांनी मान वर करून तुमच्याकडे बघितलं. बहुतेक असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. सिस्टरनं नळी आणली. एकात एक अशा दोन नळ्या. बाहेरची जागेवर राहते, आतली काढायची, ब्रशनं धुवायची आणि लगेच परत बसवायची. तुम्ही ती उजेडात धरून आरपार बघितलीत, अगदी पाइपाची दांडी बघायचात तशी. मला तेव्हा रडू आलं, आणि धीरही आला. जो माणूस असं बघतो तो मरायला आलेला नाही, असं मला वाटलं.

ऑपरेशनला नेण्याआधी तुम्ही मला जवळ बोलावलंत. तुमचा आवाज मी शेवटचा ऐकणार होते. एवढ्या वर्षांच्या संसारात जे कधी बोलला नाहीत ते आता बोलाल, म्हणून मी कान तुमच्या तोंडाशी नेला.

"कमल," तुम्ही म्हणालात, "तेवढी मिश्री टाक."

मला इतका संताप आला की मी सरळ बाहेर गेले. उरलासुरला सगळा आवाज माझ्या मिश्रीवर खर्च केलात! स्ट्रेचर आत गेल्यावर मी पदराच्या गाठीतली डबी काढली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. त्यानंतर हात लावला नाही. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला तिथंच, त्या बादलीपाशी कळलं होतं. पण मला ते दुसऱ्या शब्दांत ऐकायचं होतं. अजूनही ऐकायचंय.

घरी आल्यावर तुम्ही मला नळीला हात लावू दिला नाहीत. आरसा खिडकीत टेकवायचा, साबणानं हात धुवायचे, आतली नळी काढायची, उकळून गार केलेल्या पाण्यात धरायची, ब्रश एकीकडून घालून दुसरीकडून काढायचा, उजेडात बघायची आणि मगच परत घालायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ. माझ्याशी पाटीवर लिहून बोलायचात. पंधरा दिवसांनी एकदा पुण्याला जाऊन हवा गिळून ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलायला शिकायचात. पा, टा, का. घरी लाज वाटायची म्हणून म्हशीपुढं जाऊन सराव करायचात. म्हैस कान हलवायची आणि तुम्ही परत पा, टा, का.

एक दिवस मी भांडी घासत होते. मागून जाड, फाटका, खोल विहिरीतनं आल्यासारखा आवाज आला, "पाटी दे."

मी पाटी आणायला उठले. दारापर्यंत गेले, आणि मग थांबले. तुम्हीही तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत होतात. तोंडानं पाटी मागितलीत तर पाटी कशाला हवी? आपण दोघं इतके हसलो. तुमच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि गळ्यातनं फुस्सफुस्स हवा येत होती. मी खरकट्या हातानं डोळे पुसले.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही कपाटातले तीन पाइप काढलेत आणि पाट मांडलात. मी म्हटलं, "आता कशाला? ह्यानंच गळा खाल्ला तुमचा." तुम्ही एकेक शब्द गिळून बाहेर काढत म्हणालात, "पाइपानं... काय केलं? ओढला... मी."

मी अजूनही मानते की त्यानंच तुमचा गळा खाल्ला. तुम्ही कधी भुशावर ढकलायचात, कधी स्वतःवर घ्यायचात, पण त्या लाकडावर दोष येऊ द्यायचा नाहीत. आता मला कळतं की तुम्ही कुणाची बाजू घेत होता. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. दोन्ही खरं असू शकतं, एवढं आता म्हणते.

मग पुण्याच्या त्या सिस्टरांचा फोन आला. शेळगावचे एक तात्या, तुमच्यासारखंच ऑपरेशन झालेले, त्यांची नळी सारखी तुंबत होती. गुदमरून दवाखान्यात आणावं लागलं होतं, एकदा नाही, पुन्हापुन्हा. घरातल्या कुणाला ते हात लावू देत नव्हते आणि स्वतःही आरशात बघत नव्हते. तुम्ही जाल का, असं सिस्टरांनी विचारलं. तुम्ही चपला घालूनच फोन ठेवलात.

आपल्या कळसवरून शेळगावला आपण गाडीवर गेलो. मोठं घर, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात जर्सी गाई. त्यांच्या थोरल्या मुलानं खुर्च्या दिल्या, चहा दिला. तात्या भिंतीकडं तोंड करून कॉटवर पडलेले. तुम्ही बोलला नाहीत. आपला आरसा त्यांच्या खिडकीत ठेवलात, हात धुतलेत आणि त्यांच्या पाठीमागं बसून आपली नळी काढून साफ केलीत. ब्रशचा बारीक आवाज तेवढा खोलीत. तात्या वळले नाहीत. आपण परत आलो.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या खेपेला तात्या वळले आणि बघत राहिले. त्या दिवशी त्यांच्या श्वासाला शिट्टी लागली होती, ओठ निळसर दिसत होते. मुलगा घाबरून म्हणाला, "गाडी काढू का दवाखान्याला?" तुम्ही हातानं त्याला थांबवलंत आणि तात्यांकडं बघितलंत.

"काढू?" तुम्ही विचारलंत.

तात्यांनी हनुवटी वर केली.

तुम्ही त्यांच्या गळ्याला हात लावलात. आतली नळी हलकेच फिरवून काढलीत. वाळलेल्या कफानं ती बुजून गेली होती. तात्यांनी खोल श्वास घेतला, इतका खोल की कॉट करकरली. तुम्ही नळी धुतलीत, उजेडात बघितलीत, परत धुतलीत, मग बसवलीत. तात्यांनी तुमचं मनगट धरून ठेवलं होतं. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि आवाज कशाचाच नव्हता. दारात त्यांची म्हातारी मालकीण उभी होती. ती पुढं येऊन तुम्हाला म्हणाली, "दादा, जेवून जावा." तिनं आपल्याला त्यांच्याच पंक्तीला बसवलं आणि हातानं वाढलं.

परतताना कॅनॉलच्या पुलावर तुम्ही गाडी थांबवलीत.  मग हवा गिळून म्हणालात, "आबाला... दाखवाय... पायजे हुतं."

मी तुमच्या पाठीवर हात ठेवला.  तेव्हा दिलं नाही ते उत्तर आज लिहितेय. आबांना दिसलं असतं तर ते काही बोलले नसते, माझ्यासारखेच. तुमचे हात तेवढे हातात घेऊन बघितले असते.

त्यानंतर तुम्ही किती घरी गेलात ते मी मोजलं नाही. तात्या पुढं स्वतःची नळी स्वतः साफ करायला लागले, मग तुमच्याबरोबर दुसऱ्यांकडं यायला लागले. दोन म्हातारे गाडीवर, गळ्याला रुमाल, बोलणं कमी. आणि मग तुमचं काळीज एका सकाळी चालता चालता थांबलं. ज्याच्यासाठी एवढं लढलो तो गळा शेवटपर्यंत स्वच्छ होता. डॉक्टरांनी तसं सांगितलं. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी वाटलं, काय करायचा हा अभिमान.

काल माणसं गेल्यावर मी तुमचे पाइप काढले. मीठ, स्पिरिट, तार, कापूस, सगळं तुमच्यासारखं केलं. मेण लावलं. मग मऊ कापडात गुंडाळून माझ्या लुगड्यांच्या खाली ठेवले. मिलिंदला सांगितलं, हे विकायचे नाहीत, शोकेसमध्ये मांडायचे नाहीत आणि ह्यात परत तंबाखू पडायची नाही. तो म्हणाला, "मग साफ कशाला केलंस?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबाला विचार." त्याला ती गोष्ट ठाऊक नव्हती. मग मी त्याला शेजारी बसवून बोरीची फांदी, बांध, चिलीम, सगळं सांगितलं.  त्याचा राग गेला.

आणि आज सकाळी सिस्टरांचा फोन आला. त्यांना तुमची बातमी कळलेली नव्हती. "काकू, काकांना इंदापूरला पाठवता का? एक बाई आहेत, मिश्रीची सवय होती. नळी बसवलीय. घरी गेल्यापासून कुणालाच जवळ येऊ देत नाहीत."

मी सांगितलं.  मग त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, माफ करा, मला माहीत नव्हतं, मी दुसरं कुणी बघते.

"पत्ता सांगा," मी म्हटलं.

मिलिंद सोडतो म्हणत होता, मी एसटीनंच गेले. बाई माझ्यापेक्षा लहान आहे, आतल्या खोलीत पदरानं गळा घट्ट आवळून बसलेली. सून दारातच थांबली. तुमच्याजवळ दाखवायला तुमचा स्वतःचा गळा होता, माझ्याजवळ काय? मी आरसा ठेवला, हात धुतले आणि बोलायला लागले. माझ्या मालकाला अशीच नळी होती, म्हटलं. मीही मिश्री लावायची, रोज, वीस-पंचवीस वर्षं. तुझ्या जागी मी बसू शकले असते. त्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

सून हळूच म्हणाली, "बाई, तुमी नर्स हाय का?"

"न्हाय. मास्तरीण हाय."

बाईचा पदर सैल झाला, पण गळ्यावरनं हटला नाही. मी हात पुढं केला तर तिनं झिडकारला. माझा ब्रश खाली पडला. मी तो उचलला, धुतला, परत उकळत्या पाण्यात टाकला. तुम्हाला शेळगावला तीन खेपा लागल्या होत्या, मला दहा लागतील, लागू देत. तुमच्याएवढी गप्प बसायची ताकद माझ्यात नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी बोलत राहीन. शाळेत पोरं पहिल्या दिवशी कुठं पाटीला हात लावायची?

निघताना मी सुनेला म्हटलं, पाणी उकळून झाकून ठेव, उद्या येते. मागं वळून बघितलं तर बाई उठून खिडकीशी गेली होती. माझा आरसा मी मुद्दामच तिथं सोडला होता. तिनं तो पालथा घातला नाही.